मिठावरची हरळी

खारशेतच्या स्टेडियमवर पहिलं गवत अंथरलं त्याच आठवड्यात चंदाबाईचा नवरा गेला. बाळाराम तिथेच वॉचमन होता, तीन नंबरच्या गेटवर. दुपारचा डबा खाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला तो बसलाच. गवताच्या गुंडाळ्या घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला, मग शिव्या घालायला खाली उतरला आणि खुर्चीपाशी पोचल्यावर त्याचा आवाजच बंद झाला.

निरोप आला तेव्हा चंदाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप भिंतीला टेकवून ठेवलं, पदर सारखा केला, दाराला कडी घातली आणि चालत निघाली. सांगायला आलेला माणूस म्हणत होता, रिक्षा करू, मावशी. ती म्हणाली, "कशाला? हाय ते जवळच."

ती रडली नाही. बौद्धवाडीतल्या बायका वाट पाहत राहिल्या. ठमाबाई तिच्याबरोबर पंचवीस वर्षं मिठागरात राबलेली, शेजारच्याच घरातली. तिने शेवटी दंडाला धरून हलवलं. "चंदे, रड गं. छातीत धरून ठेवू नको."

"काय धरलेलंच न्हाय," चंदाबाई म्हणाली, "तं सोडू काय?"

जलदान विधीला मुलाने, धम्मदीपने, बापाचा फोटो मोठा करून आणला. बाळारामचा धड फोटो एकच होता, वॉचमनच्या ओळखपत्रावरचा. त्यामुळे भिंतीवर तो कंपनीच्या निळ्या कॉलरसकट आला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, लोकांनी फुलं वाहिली, जेवणं झाली. चंदाबाईने शेवटपर्यंत पंगतीत पाणी वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टेडियमच्या ठेकेदाराकडे गेली आणि म्हणाली, गवतातलं तण काढायला बाया पायजेत असं ऐकलं. ठेकेदाराने तिच्याकडे पाहिलं, बाळारामची बायको म्हणून ओळखलं आणि वहीत नाव घातलं.

खारशेत न्हावा शेव्याच्या बंदराला जाणारा रस्ता आणि खाडी यांच्या मधोमध आहे. वीस वर्षांपूर्वी गावाच्या एका अंगाला भातशेती होती आणि दुसऱ्या अंगाला मिठागर. भातशेती ज्यांची होती त्यांचं सातबाऱ्यावर नाव होतं. मिठागर मुंबईच्या शेटचं. त्यात राबणाऱ्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, मुकादमाच्या डोक्यात तेवढं होतं, आणि मुकादम मेला.

उपनगर पसरत पसरत गावाच्या वेशीला टेकलं तेव्हा शाळेत एक सभा झाली. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. क्रिकेटचं स्टेडियम, पोहण्याचा तलाव, कबड्डी-कुस्तीचा हॉल, मुलांची अकादमी, खेळाडूंचा दवाखाना. नुसत्या इमारती बांधून शहर उभं राहत नाही, साहेब म्हणाले, माणसं यायला कारण लागतं. सामने झाले की बाहेरगावची माणसं येणार, ती कुठेतरी राहणार, कुठेतरी जेवणार. हॉटेलं येतील, दुकानं येतील, फ्लॅट विकले जातील, तुमच्या पोरांना हाताला काम मिळेल. त्यातलं बरंचसं पुढे खरंही झालं. तो साहेब काही खोटं बोलला नव्हता.

ज्यांची शेतं गेली त्यांना मोबदला आणि भूखंड मिळाले. मिठागर बंद झालं तेव्हा मात्र राबणारी माणसं नुसतीच घरी आली. बाळारामने तीन वर्षं कचेरीत हेलपाटे घातले. एकदा तिथल्या क्लार्कने विचारलं, "तुम्ही तिथे काम करत होता याला पुरावा काय?" बाळारामने चप्पल काढली आणि पाय टेबलाच्या कडेला उचलून दाखवला. मिठाच्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहून पांढरा, भेगाळ, लाकडासारखा झालेला तळवा. क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने पाहिलं, शिपायाला सांगून चहा मागवला आणि म्हणाला, "काका, हे फाइलला कसं लावू?" पुढे त्यानेच शब्द टाकला आणि बाळारामला गेटवर लावून घेतलं.

आता त्याच मिठागराच्या जागेवर चंदाबाई आठ बायकांच्या रांगेत उकिडवी बसून तण काढत होती. ठमाबाईही होती. पहिल्या दिवशी ठमाबाईने गवत चिमटीत धरून निरखलं आणि हसायला लागली. "अगं, ही तं हरळी! जलमभर शेतातनं उपटून फेकली, आन आता हिलाच ठेवायची नि बाकीचं उपटायचं?"

"ही विलायती हाय म्हणतात."

"विलायती असू दे. हरळी ती हरळी."

चंदाबाईला ते काम बरं वाटलं असं नाही, वाईटही वाटलं नाही. सकाळी आठला खाली बसायचं, पाचला उठायचं. घरी आल्यावर भात टाकायचा. धम्मदीप एका बिल्डरकडे नमुन्याचा फ्लॅट दाखवायच्या नोकरीला होता. गिऱ्हाइकाला बाल्कनीत नेऊन तो हात पसरून म्हणायचा, "सर, स्टेडियम व्ह्यू. मॅच घरबसल्या." खरं तर तिथून दिव्यांचे चार खांब तेवढे दिसायचे. आई खाली उन्हात तण काढते हे त्याला खुपत होतं.

"आई, सोड ना यार हे. मी कमावतोय ना? लोक ओळखतात मला इथे."

"मंग वळखू दे."

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

ती त्याच्या ताटात आणखी भात वाढायची.

स्टेडियमच्या उद्घाटनाचा सामना ठरला तेव्हा दोन महिने हातात होते. बायकांच्या क्रिकेटचा सामना, टीव्हीवर दाखवणार होते. नव्या हॉटेलच्या खोल्या आधीच भरल्या होत्या. गावातल्या निम्म्या घरांनी पुढची खोली रंगवून बाहेर 'राहण्याची सोय' अशी पाटी लावली होती. आणि नेमकं तेव्हाच मैदानावरचं गवत मरायला लागलं. आधी पिवळं, मग राखाडी, मोठमोठाल्या चौकोनी डागांनी. पाणी दिलं की आणखी मरायचं.

मैदानाची जबाबदारी किशोरी मॅडमवर होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली, महाडकडची मुलगी, वय असेल अठ्ठावीस. पहिलीच मोठी नोकरी. तिने मातीचे नमुने पाठवले, खत बदललं, औषध मारलं. रोज सकाळी ती त्या डागांच्या मधोमध उभी राहायची आणि फोनवर कोणालातरी सांगायची, "हो सर. होईल सर." एके दिवशी फोन ठेवून ती तिथेच खाली बसली. चंदाबाई चार हातांच्या अंतरावर होती. तिने किशोरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. बोटाने थोडी माती उकरली आणि जिभेवर ठेवली.

"मावशी! औषध मारलंय त्याच्यावर!"

चंदाबाईने माती बाजूला थुंकली. "खालचा तळ फोडला व्हता का?"

"कुठला तळ?"

"मिठागराचा. भराव टाकायच्या आधी."

किशोरीला कळेना. तेव्हा चंदाबाईने तिला सांगितलं, आणि नवरा गेल्यापासून ती इतकं कधी सलग बोलली नव्हती. मिठाचा वाफा नुसता खणून होत नाही. पाणी खाली जिरलं तर मीठ धरणार कसं? म्हणून दरवर्षी पाऊस गेला की बाया-माणसांनी रांगेत उभं राहून ओला चिखल पायांनी तुडवायचा. एका लयीत, टाचेवर जोर देऊन. आठवडा आठवडा तुडवायचा, तळ फरशीसारखा होईस्तोवर. "आमी तुडवला हाय त्यो. पंचवीस वरसं. तुमी वरनं माती टाकलीत, त्यो खाली तसाच हाय. तुमचं पाणी त्याच्यावर साचतंय आन मीठ घेऊन वर येतंय."

"पण डाग चौकोनी का आहेत?"

"वाफे चौकोनीच व्हते."

मग ती उठली आणि मैदानभर चालत गेली. कुठे बांध होता, कुठे खाडीचं पाणी आत घ्यायचे, कुठला वाफा खोल आणि कुठला उथळ, सगळं पायाने रेघ मारत दाखवत गेली. किशोरी मागून चुन्याची पिशवी घेऊन. तासाभरात हिरव्या मैदानावर सबंध मिठागर पांढऱ्या रेघांनी उमटलं. बाकीच्या बायका काम थांबवून बघत राहिल्या. ठमाबाई एका चौकोनात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो माझा." कोणीच हसलं नाही.

किशोरीला वरिष्ठांशी चार दिवस भांडावं लागलं. मग यंत्र आलं, रेघांच्या आत खोल भोकं पाडून तळ फोडला, जिप्सम टाकलं, आणि मीठ धुवून काढायला गोडं पाणी सोडलं. दहा दिवस टँकर येत होते. त्या दहा दिवसांत बौद्धवाडीच्या नळाला दिवसाआड पाणी आलं, तेही बोटाएवढं. ठमाबाई रिकामी कळशी घेऊन चंदाबाईच्या दारात उभी राहिली.

"तू सांगितलंस म्हणून आपलं पाणी गेलं."

"व्हय," चंदाबाई म्हणाली. तिने आपल्या पिंपातलं अर्धं पाणी ठमाबाईच्या कळशीत ओतलं.

गवत जगलं. सामन्याच्या दिवशी सकाळपासून महामार्गापर्यंत गाड्यांची रांग लागली. पाटी लावलेल्या घरांच्या ओसरीवर परगावची माणसं चहा पीत बसली होती. धम्मदीप नवा शर्ट घालून तीन कुटुंबांना एकदम फ्लॅट दाखवत होता. मैदानाच्या माणसांना कंपनीने टोप्या आणि बूट दिले. चंदाबाईने आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले. सीमारेषेबाहेर दोरीपाशी तिला उभं केलं होतं, मधल्या वेळेत उखडलेलं गवत बसवायला. वीस हजार माणसं एकदम उठून ओरडली की बुटाखालची जमीन थरथरायची असं बाकीच्या बायका म्हणत होत्या. चंदाबाईला ते जाणवलं नाही. तिला समोर एवढंच दिसत होतं, की चौथ्या वाफ्याच्या कोपऱ्यात गवत अजून थोडं फिकं आहे.

सामना संपला तेव्हा किशोरी धावत आली आणि तिचे दोन्ही हात धरून रडायला लागली. "मावशी, तुमच्यामुळे हो. तुमच्यामुळे." चंदाबाईने तिला रडू दिलं. आपले हात तिच्या हातात आहेत हे तिला दिसत होतं. या पोरीला दोन महिने झोप लागली नसेल, असं तिच्या मनात आलं, आणि पुढे काही आलं नाही.

बूट परत द्यायचे होते म्हणून ती पायरीवर बसली. उजवा बूट निघेना. किशोरीने ओढला आणि ओरडलीच. मोजा रक्ताने भरला होता. कोणा खेळाडूच्या बुटाचा तुटलेला लोखंडी खिळा तळव्यातून आत शिरला होता. सकाळपासून चंदाबाई त्याच्यावर उभी होती, चालत होती.

"मावशी, हे दुखलं नाही तुम्हाला?"

"न्हाय," चंदाबाई म्हणाली. आपल्या पायाकडे ती दुसऱ्या कोणाचा असल्यासारखी बघत होती.

किशोरीने तिला हट्टाने खेळाडूंच्या दवाखान्यात नेलं. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर धावणाऱ्या माणसांची चित्रं. पुण्या-नाशकाहून तरणी पोरं गुडघे दाखवायला आलेली. डॉक्टर विनिता म्हणून होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जखम धुतली, साखर तपासली, ती भरमसाट निघाली. मग त्यांनी नायलॉनचा एक जाड दोरा घेतला.

"डोळे मिटा. दोरा लागला की सांगा."

चंदाबाईने डोळे मिटले.

"कळतंय?"

"न्हाय."

"इथे?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय वो."

घोट्याच्या वर चार बोटांवर गेल्यावर ती पहिल्यांदा "हां" म्हणाली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "किती दिवसांपासून कळत नाही?"

चंदाबाईने डोळे उघडले. तिने खरंच आठवायचा प्रयत्न केला. मिठागर चालू होतं तेव्हा पाय जळायचे, ते आठवत होतं. रात्री बाळाराम खोबरेल चोळायचा, तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. मग मिठागर बंद झालं, मग हेलपाटे, मग गेट. या सगळ्यात नेमकं कधी? प्रश्न पायाबद्दलच होता, पण तिला वाटलं, बाई दुसरंच काही विचारतायत, आणि त्याचं उत्तर द्यायला हवं.

"ठावं न्हाय," ती म्हणाली. "कोणी इचारलंच न्हाय."

दोन बोटं काढावी लागली. अडीच महिने ती घरात बसून होती. धम्मदीप कामावरून येऊन पट्टी बदलायचा. एकदा पट्टी सोडताना त्याचं लक्ष तळव्याकडे गेलं आणि तो तसाच थांबला. बापाचे पाय त्याने चितेवर ठेवताना पाहिले होते. बराच वेळ तो पाय मांडीवर घेऊन बसला. त्यानंतर नोकरी सोड असं तो म्हणाला नाही.

ती परत कामावर गेली तेव्हा तिची बसायची जागा बदलली होती. किशोरीने तिला तणाच्या रांगेतून काढून माती पारखायच्या कामाला घेतलं होतं. खारशेतचं चांगलं चाललं म्हणून आता पेणच्या बाजूला खाडीकाठी सरावाची चार मैदानं आणि फुटबॉलची अकादमी करायचं ठरत होतं. जागा बघायला किशोरी तिला जीपमध्ये घालून घेऊन गेली.

तिथे मिठागर अजून चालू होतं. निम्मंच, पण चालू. दहा-पंधरा बाया लाकडी फळ्यांनी मीठ कडेला ओढत होत्या, बांधावर पांढरे ढीग लागले होते. किशोरी मोजणीवाल्यांबरोबर पुढे गेली. चंदाबाई बांधावर उभी राहिली. बायांनी आधी तिच्या गळ्यातलं कार्ड पाहिलं, मग पायातला डॉक्टरी बूट. त्यांतली एक, नीराबाई नावाची, पाठीत वाकलेली, फळी तशीच हातात धरून जवळ आली.

"मैदान करणार म्हणं इथं?"

"व्हय."

"मंग आमाला काम लागंल?"

चंदाबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली. "लागंल. आठ-दहा जणींना. तण काढायला."

"आन बाकीच्या?"

चंदाबाईला खोटं सांगता आलं असतं. "बाकीच्या घरी जातील," ती म्हणाली. "मी बी तुमच्यातलीच. खारशेतच्या मिठागरातली. आमचं नाव कुठंच न्हवतं."

नीराबाईने फळी बांधाला टेकवली. "आमचं बी न्हाय."

चंदाबाई लंगडत बांधावरून किशोरीकडे गेली. मोजणीवाला नकाशा पसरून काही सांगत होता, ती मध्येच बोलली. "बाय, माती मी मागनं सांगतंय. आधी ह्या बायांची नावं लिव."

"कशासाठी, मावशी?"

"तुझ्या कागदावर लिव. आज हितं कोण काम करतंय, किती वरसं, कुठल्या वाडीची. खाली तुझी सही कर नि तारीख घाल."

"मावशी, ते माझं काम नाही. माझ्या हातात..."

"म्हाईत हाय," चंदाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "धम्मदीपच्या बाबांनी कचेरीत पाय दावला व्हता. पाय फायलीला लागत न्हाय. कागद लागतोय."

किशोरीने मोजणीवाल्याकडे पाहिलं. तो नकाशात डोकं घालून बसला. मग तिने वहीचं नवं पान काढलं, वर जागेचं नाव आणि तारीख घातली. बाया एकेक करून आल्या, ओले हात पदराला पुसत. काहींनी सुट्टीवर असलेल्या सासवा-जावांची नावंही सांगितली. एकीला स्वतःचं वय सांगता येईना, तिने कुठल्या उधाणाला बांध फुटला तेव्हा लग्न झालं होतं ते सांगितलं. एकूण एकेचाळीस नावं झाली. चंदाबाई बाजूला बसून होती. तिला बरं वाटलं का, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

त्या पानाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. पुष्कळ महिने काहीच झालं नाही. मग मिठागरातल्या माणसांची यादी वरून मागवली गेली आणि असं दिसलं की त्या जागेबद्दल सही-तारखेचा दुसरा कागदच कुठे नाही. तेव्हा तोच धरला. एकेचाळीस जणींना काही सगळं मिळालं नाही. सतरा जणी कामाला लागल्या. इतरांना थोडी भरपाई आणि पुष्कळशी आश्वासनं मिळाली. नीराबाई सतरांत नव्हती, तिचं वय जास्त भरलं.

किशोरीचा फोन आला तेव्हा चंदाबाई खारशेतच्या मैदानावर पाण्याचे पाइप तपासत होती. तिने ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाली आणि फोन कमरेला खोचला. जेवणाची वेळ झाली होती. बायका प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या.

"कोणाचा गं?" ठमाबाईने विचारलं.

"मॅडमचा. त्या पेणच्या बाया. सतरा जणी लागल्या."

ठमाबाईचा घास हातातच राहिला. "आपल्या वक्ताला कोणी असं लिवलं असतं तं..."

"न्हाय लिवलं," चंदाबाई म्हणाली आणि तिच्या शेजारी टेकली. नवरा गेल्यापासून ती आपला डबा उघडायची, असेल ते गिळायची आणि उठायची. आज तिने ठमाबाईच्या डब्याकडे वाकून पाहिलं.

"काय आणलंस?"

"जवळ्याची चटणी. तिखट झालीय जरा."

"दे थोडी," चंदाबाई म्हणाली आणि भाकरी पुढे केली.